वारजे नागरी वनात इन्फ्रारेड फोटोग्राफी

भर दुपारी लँडस्केप काढू नयेत असं म्हणतात. इन्फ्रारेडला मात्र हेच कडक ऊन हवं! पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, पुण्यातल्या वारज्याच्या नागरी वनात जा. पूर्वी उजाड असलेल्या सुमारे 40 एकरांवर आज दाट झाडी आणि तळी आहेत.

पानांतलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं, पण जवळचा इन्फ्रारेड प्रकाश शोषत नाही. पानाच्या आतल्या पेशी तो परत फेकतात, म्हणून फोटोत झाडं पांढरीशुभ्र दिसतात. निरभ्र आकाश आणि तळ्याचं पाणी काळपट येतं. अशी छायाचित्रं रॉबर्ट वुड यांनी 1910 मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून याला 'वुड इफेक्ट' म्हणतात.

सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते, पण थोडा प्रकाश निसटतोच. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर दाबा. लाइव्ह व्ह्यूत ठिपका चमकला, तर तुमच्या कॅमेऱ्यात जमेल. 720 नॅनोमीटरचा फिल्टर घ्या. ट्रायपॉड लावून आधी फ्रेम आणि फोकस ठरवा, मग फिल्टर चढवा. एक्स्पोजर कित्येक सेकंदांचं लागतं, त्यामुळे वारा पडलेला असावा. रॉमध्येच काढा आणि व्हाइट बॅलन्स हिरवळीवर घ्या. एडिटिंगमध्ये लाल-निळ्या चॅनेलची अदलाबदल केली की आकाश निळं होतं. मला स्वतःला कृष्णधवलच जास्त भावतं.

फिल्टर लावलेल्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे अजिबात पाहू नका. काळोख दिसला तरी डोळ्यांना इजा होऊ शकते.

तुम्ही काढलेले फोटो कॉमेंटमध्ये नक्की टाका!