"पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून द्याल का?" : गाणी डाउनलोड करायला कायदेशीर सेवा कशी निवडायची



गणपतीच्या आधी आमच्या पळस्पे फाट्यावर काय गर्दी असते, हे कोकणात जाणाऱ्या माणसाला सांगायला नको. गोव्याचा हायवे इथूनच सुटतो. गाडी बाजूला लावून लोक दुकानात येतात. कोणाला चार्जर हवा असतो, कोणाला केबल, कोणाला मोबाईल होल्डर. आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "भाऊ, पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून द्याल का? घाटात रेंज जाते."

मी नाही म्हणतो. पण एक काळ होता, मी लगेच हो म्हणायचो. बीबीए करून दुकान टाकलं तेव्हा मेमरी कार्ड भरून देणं हाच माझा रोजचा रोख धंदा होता. कंटेनरवाले ड्रायव्हर रांगेत उभे असायचे. माल फुकट, खर्च फक्त विजेचा. मला वाटायचं, याहून चांगला मार्जिन कुठे मिळणार?

मग ओळखीच्या एका दुकानदाराचा कॉम्प्युटर पोलिसांनी याच कारणासाठी उचलून नेला. त्या रात्री मी पहिल्यांदा कायदा वाचला. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ : सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. दुसऱ्या दिवशी फोल्डर डिलीट केलं. पुढचे दोन महिने गल्ल्यात फरक पडला, खोटं कशाला सांगू. पण २०१६ ला जिओ आलं आणि कार्ड भरण्याचा धंदा तसाही संपला. तोवर मी अ‍ॅक्सेसरीज आणि रिपेअरिंगवर आलो होतो म्हणून वाचलो.

हे सांगायचं कारण, आजही माझ्या ट्रेनिंगला येणारे निम्मे दुकानदार म्हणतात, "सर, आम्ही पैसे भरून अ‍ॅप घेतलंय, म्हणजे आम्ही कायदेशीरच." दरवेळी तसं नसतं. सेवा कोणती चांगली हा प्रश्न नंतरचा. गाणं कुठे वाजणार, हा पहिला प्रश्न. घरी आणि गाडीत, दुकानात, की तुमच्या व्हिडिओत? तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत.

१. घरी आणि गाडीत : भाड्याने की विकत?

स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक अशा अ‍ॅपमध्ये डाउनलोडचं बटण असतं. ते दाबलं की गाणं आपलं झालं असं वाटतं. तसं नाही. तो भाड्याचा गाळा आहे. भाडं चालू तोवर चावी तुमची. फाइल अ‍ॅपच्या आतच राहते, पेनड्राइव्हवर जात नाही. स्पॉटिफायला तर ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर डाउनलोड निघून जातं.

आणि मालकानेच बिल्डिंग पाडली तर? रेसो हे अ‍ॅप भारतात जानेवारी २०२४ अखेर बंद झालं. एअरटेलचं विंक म्युझिक त्याच वर्षी बंद झालं. गाना २०२२ मध्ये पूर्णपणे पैसे भरणाऱ्यांसाठी झालं. माझ्या स्वतःच्या एका जुन्या अ‍ॅपमधली, वडिलांसाठी जमवलेली भजनांची यादी अशीच गेली. गाणी दुसरीकडे सापडली, पण ती यादी लावायला दोन रविवार गेले होते.

याचा अर्थ भाड्याचं वाईट असा नाही. रोज नवीन गाणी ऐकणाऱ्याला तेच स्वस्त पडतं. फक्त वर्षभराचं भाडं एकदम भरण्याआधी महिनाभर वापरून बघा. तुमची मराठी गाणी, कीर्तनं, लोकगीतं तिथे आहेत का, ते आधी शोधा.

विकत घ्यायचं असेल तर आयट्यून्स स्टोअर आणि बँडकॅम्प हे पर्याय आहेत. इथे एकेक गाणं किंवा अख्खा अल्बम विकत घेता येतो आणि फाइल तुमच्याकडे राहते. बँडकॅम्पवर स्वतंत्र कलाकार स्वतःच माल विकतात, म्हणजे पैसे त्यांच्यापर्यंत पोचतात. मात्र मराठी सिनेमाची गाजलेली गाणी तिथे सहसा सापडणार नाहीत. आपल्याकडे फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं एमपी३ विकणारं दुकान उघडलं होतं. जून २०१३ मध्ये ते बंद झालं. पण गंमत बघा, ज्यांनी तिथून फाइल उतरवून ठेवल्या, त्यांच्याकडे त्या आजही वाजू शकतात. भाडं आणि विकत यातला फरक तो हाच.

आणि घाटात रेंज जाते म्हणणाऱ्यांसाठी : सारेगामाने २०१७ मध्ये कारवां आणलं, त्याची मराठी आवृत्तीही आहे. गाणी भरूनच येणारे त्यांचे पेनड्राइव्हही निघाले. फक्त घेताना बिल मागा. रस्त्यावर मिळणारी नक्कल पुन्हा त्याच कलमात बसते.

२. दुकानात : इथेच बहुतेक जण फसतात

सलून, जिम, हॉटेल, कपड्यांचं दुकान. गिऱ्हाईक बसलंय आणि मोबाईलवरून स्पीकरला गाणी चालू. अ‍ॅपचे पैसे भरलेत, मग अडचण काय? अडचण अशी की या अ‍ॅपच्या अटींमध्ये 'वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापर' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. दुकानात वाजवणं म्हणजे कायद्याच्या भाषेत लोकांसमोर सादर करणं. विकत घेतलेल्या फाइललाही हेच लागू.

त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं. यात दोन मोठी नावं आहेत, दोन्ही मुंबईतली. पीपीएल, १९४१ पासूनची संस्था, रेकॉर्डिंगचे हक्क बघते. आयपीआरएस, १९६९ ची, गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांचे हक्क बघते. एका गाण्यात हे दोन्ही हक्क असतात, म्हणून एकाचं लायसन्स घेतलं म्हणजे सगळं झालं असं समजू नका.

कोणी दुकानात येऊन लायसन्सचे पैसे मागितले तर घाबरून रोख देऊ नका. तीन गोष्टी मागा : कोणत्या कंपन्यांची गाणी तुमच्याकडे आहेत त्याची यादी, तुम्हाला अधिकार दिल्याचं पत्र, आणि जीएसटीचं पक्कं बिल. खरा माणूस हे देतो.

३. तुमच्या व्हिडिओत

माझ्या पहिल्या व्हिडिओंपैकी एकाला मी गाजलेलं गाणं लावलं होतं, अगदी हळू आवाजात. तरी क्लेम आला आणि त्या व्हिडिओची कमाई हक्कदाराकडे गेली. "दहा सेकंद चालतात" हे निव्वळ ऐकीव आहे. कायद्यात असा कुठलाही आकडा नाही.

सोपा मार्ग : यूट्यूब स्टुडिओमधली ऑडिओ लायब्ररी. डाउनलोड फुकट. काही ट्रॅकवर क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण असते, तिथे कलाकाराचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये द्यायचं. दुसरीकडून क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत घेतलं तर 'बिगर-व्यावसायिक' अशी अट आहे का ते बघा. असेल तर धंद्याच्या जाहिरातीला चालणार नाही. इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटला बरीच गाजलेली गाणी दिसत नाहीत, तेही याच कारणाने.

४. "पण हे तर जुनं गाणं आहे!"

गीतरामायण घ्या. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, सत्तर वर्षं झाली. मग मोफत? नाही. शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे चाली २०६२ अखेरपर्यंत. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, प्रसिद्धीपासून ६० वर्षं.

आरतीचंही तसंच. समर्थ रामदासांचे शब्द सगळ्यांचे. पण मागच्या वर्षी कोणी स्टुडिओत गाऊन घेतलं असेल तर ते रेकॉर्डिंग त्यांचं. स्वतःच्या मंडळाच्या पोरांकडून पारंपरिक चालीत गाऊन घ्या, वाटेल तेवढं वापरा.

डाउनलोड दाबण्याआधी हे पाच प्रश्न

१. गाणं कुठे वाजणार : घर, दुकान की व्हिडिओ?
२. भाड्याने घेतोय की विकत?
३. अ‍ॅप बंद पडलं तर माझ्याकडे काय उरेल?
४. मला हवी ती मराठी गाणी तिथे आहेत का?
५. पावती किंवा लायसन्सचा कागद मिळतो का? मिळाला तर जीएसटीच्या फाइलशेजारी ठेवा.

पाचव्याचं उत्तर 'नाही' असेल आणि गाणं फुकट मिळत असेल, तर थांबा. आपल्या दुकानातून कोणी वस्तू उचलून नेली तर आपण कॅमेरा तपासतो. गाणाऱ्याचं दुकानही दुकानच आहे.

आणि हो, यंदा पळस्प्यावरून जाणार असाल तर दुकानात या. गाणी भरून देणार नाही, पण तुमच्या फोनमध्ये कायदेशीर डाउनलोड कसं लावायचं ते दोन मिनिटांत दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही. चार्जरचे घेईन.