स्नायू ऊतक

आकुंचन पावणे आणि त्यातून बल निर्माण करणे हे ज्या ऊतकाचे प्रमुख कार्य आहे, त्यास स्नायू ऊतक असे म्हणतात. अभिस्तर, संयोजी, स्नायू व तंत्रिका या मानवी शरीरातील चार मूलभूत ऊतकांपैकी हे एक होय. चालणे, बोलणे व श्वास घेणे यांसारख्या दृश्य हालचालींबरोबरच रक्ताभिसरण, अन्नाचे वहन आणि प्रसूती या क्रियाही याच ऊतकावर अवलंबून असतात. रचना आणि नियंत्रण यांनुसार त्याचे कंकाल स्नायू, हृद्‌स्नायू व मृदू स्नायू असे तीन प्रकार मानले जातात.

संज्ञेविषयी

मराठीत ‘पेशी’ हा शब्द सजीवांच्या मूलभूत घटकासाठी रूढ आहे; हिंदीत मात्र ‘पेशी’ म्हणजे स्नायू आणि त्या मूलभूत घटकाला ‘कोशिका’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी व ९०० स्नायू सांगितले आहेत. तेथेही ‘पेशी’ म्हणजे मांसपेशी असून ‘स्नायू’ हा शब्द बंधनकारक तंतुमय भागांसाठी येतो. जुने ग्रंथ किंवा हिंदी पाठ्यपुस्तके वाचताना हा फरक ध्यानात न घेतल्यास अर्थाचा घोटाळा होतो.

कंकाल स्नायू

शरीरात ६०० हून अधिक कंकाल स्नायू असून प्रौढ व्यक्तीच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांनी व्यापलेला असतो. बहुतेक कंकाल स्नायू कंडरांच्या साहाय्याने हाडांना जोडलेले असतात. स्नायू केवळ ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून ते बहुधा परस्परविरोधी जोड्यांनी कार्य करतात. दंडाच्या पुढील द्विशिर स्नायूने कोपर वाकते, तर मागील त्रिशिर स्नायूने ते सरळ होते.

या स्नायूची पेशी लांब, दंडगोलाकार व बहुकेंद्रकी असते. तिला स्नायुतंतू म्हणतात. गर्भावस्थेत अनेक लहान पेशी एकमेकींत विलीन होऊन ती बनते, हे तिच्यात अनेक केंद्रके असण्याचे कारण होय. तंतूच्या आत सुमारे १ मायक्रोमीटर जाडीचे असंख्य तंतुक समांतर असतात आणि प्रत्येक तंतुक सार्कोमिअर नावाच्या एकसारख्या खंडांचा बनलेला असतो. विश्रांतीच्या स्थितीत एका खंडाची लांबी सुमारे २ ते २.५ मायक्रोमीटर असते. त्यात मायोसिन या प्रथिनाचे जाड व ॲक्टिनचे बारीक तंतू ठरावीक क्रमाने रचलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे गडद व फिकट पट्टे याच रचनेमुळे उमटतात, म्हणून या स्नायूंना रेखित स्नायू असेही म्हणतात.

आकुंचन होते तेव्हा हे तंतू स्वतः आखूड होत असावेत, असा समज दीर्घकाळ होता. १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध प्रसिद्ध झाले : एक अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांचा. (दोन्ही हक्सलींचे परस्परांशी नाते नव्हते.) आकुंचनात फिकट पट्टा अरुंद होतो, पण गडद पट्ट्याची रुंदी कायम राहते, असे दोन्ही गटांना आढळले. अर्थात तंतू आखूड होत नाहीत, तर ते एकमेकांवरून सरकतात. हाच सर्पी तंतू सिद्धांत होय.

तंत्रिकेकडून संदेश येताच स्नायुतंतूतील साठ्यातून कॅल्शियमचे आयन बाहेर पडतात. ते ट्रोपोनिन या प्रथिनाशी जोडले गेले, की ॲक्टिनवरील झाकली गेलेली स्थाने उघडी होतात, मायोसिनची टोके तेथे चिकटतात आणि वल्हे मारावे तशी ॲक्टिनला ओढतात. येथे ए.टी.पी. या ऊर्जावाहक रेणूची भूमिका काहीशी अनपेक्षित आहे. तो जोडला गेल्याशिवाय मायोसिनची पकड सुटतच नाही. मृत्यूनंतर ए.टी.पी.ची निर्मिती थांबते, पकड कायम राहते आणि काही तासांत प्रेत ताठते.

खर्च झालेल्या ऊर्जेचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. थंडीत भरणारी हुडहुडी ही या उष्णतेचाच उपयोग करून घेणारी क्रिया आहे.

हृद्‌स्नायू

हा स्नायू फक्त हृदयाच्या भित्तीत आढळतो. तो रेखित असला तरी अनैच्छिक आहे. त्याच्या पेशी आखूड व शाखायुक्त असून अंतर्विष्ट चकत्यांनी परस्परांना जोडलेल्या असतात. या जोडांतून विद्युत् संदेश थेट पुढे जातो व सर्व पेशी एकसंधपणे आकुंचित होतात. ठोक्याचा आरंभ हृदयातील गतिकारक पेशींतून होतो. तंत्रिका केवळ त्याचा वेग कमीअधिक करतात. प्रत्येक आकुंचनानंतर हा स्नायू काही काळ नव्या संदेशाला दाद देत नाही. त्यामुळे त्याला पेटका येत नाही आणि हृदय पुन्हा भरण्यास अवधी मिळतो.

कंकाल स्नायूला इजा झाल्यास त्यातील उपग्रह पेशी काही प्रमाणात दुरुस्ती करतात. हृद्‌स्नायूत ही सोय जवळजवळ नाही. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा तुटून मेलेल्या भागाची जागा व्रणऊतक घेते आणि व्रण आकुंचन पावू शकत नाही. म्हणूनच उपचारात वेळेला महत्त्व असते. मृत पेशींतील ट्रोपोनिन रक्तात उतरते व त्याच्या चाचणीवरून निदानास मदत होते.

मृदू स्नायू

रक्तवाहिन्या, आतडी, मूत्राशय, श्वासनलिका व गर्भाशय यांच्या भित्तींत हा स्नायू असतो. पेशी चातीच्या आकाराच्या व एककेंद्रकी असतात. ॲक्टिन व मायोसिन येथेही असतात, पण पट्टे दिसत नाहीत. शिवाय कॅल्शियम ट्रोपोनिनऐवजी कॅल्मोड्युलिन या प्रथिनामार्फत कार्य करते. आकुंचन मंद असले तरी अल्प ऊर्जेत दीर्घकाळ टिकते. दम्यात श्वासनलिकांचे हेच स्नायू आवळतात आणि साल्ब्युटामॉलसारखी औषधे ते सैल करतात. अंगावर काटा येतो तो केसांच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म मृदू स्नायूंमुळे.

ऐच्छिक व अनैच्छिक ही विभागणी सोयीची असली, तरी काटेकोर नाही. श्वासपटल हा कंकाल स्नायू असूनही झोपेत आपोआप चालतो. अन्ननलिकेच्या वरच्या भागात रेखित, मध्यभागी मिश्र व खालच्या भागात मृदू स्नायू असतात. घास गिळण्यास आरंभ करणे आपल्या हाती असते. तो घशाखाली उतरला, की पुढचे नियंत्रण आपल्याकडे राहत नाही.