गाडी एक, कामे दोन : क्लच आणि फ्लायव्हील घेताना

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणकार व्यापारी गिऱ्हाइकाला पहिला सवाल करतो तो हाच, की जनावर कशासाठी पाहिजे? टांग्याला, वरातीला की शर्यतीला? कामाप्रमाणे जनावर ठरते आणि जनावराप्रमाणे किंमत. गाडीचा क्लच घेताना मात्र हा सवाल फार थोडे लोक करतात. दुकानात जाऊन ‘भारीतला द्या’ म्हटले की काम झाले, असा आपला समज. कापडाच्या धंद्यातही असे गिऱ्हाईक येते. त्याला भारीतले कापड मिळते, पण अंगाला सोसणारे मिळतेच असे नाही.

आपल्याकडे ज्या घरात गाडी आठवडाभर दुकानाची आणि रविवारी मुलाच्या शौकाची असते, त्यांच्यासाठी हा विषय कामाचा आहे. नाशिक भागातील ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’मुळे मारुती जिप्सीसारख्या गाड्यांची हौस खानदेशातल्या तरुणांना नवी नाही. सोमवारी त्याच गाडीने सुरतेहून गठ्ठे आणायचे, विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट चढायचा, बाजारच्या गर्दीतून वाट काढायची आणि सुट्टीच्या दिवशी तिलाच पळवायचे. दोन्ही कामे एका क्लचकडून करून घ्यायची तर हिशेब समजून घेतला पाहिजे.

ताकदीचा हिशेब

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या क्रँकशाफ्टला बोल्टने कसलेले जड चाक. त्याच्या आणि प्रेशरप्लेटच्या मध्ये क्लचप्लेट दाबलेली असते. हा दाब जितका पक्का, तितकी इंजिनाची ताकद न घसरता गिअरबॉक्सकडे जाते. क्लच किती ताकद झेलेल हे चार गोष्टींवर ठरते : लायनिंगची पकड, प्रेशरप्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू, ज्या एका प्लेटला दोन असतात. समजा पकड ०.३, दाब ४,००० न्यूटन आणि सरासरी त्रिज्या ८ सेंटिमीटर आहे. या सर्वांचा गुणाकार केला की १९२ न्यूटन-मीटर येतात. इंजिन १०० न्यूटन-मीटरचे असेल तर हा क्लच त्याला पुरून उरतो.

म्हणून पहिला नियम असा, की क्लच नावावर घेऊ नये, इंजिनाच्या टॉर्कवर घ्यावा. कंपनीचा क्लच मुळातच इंजिनापेक्षा थोडी जास्त ताकद झेलेल असा केलेला असतो. इंजिनात काही बदल केला नसेल, किंवा किरकोळ केला असेल, तर कंपनीच्या मापाची चांगली ऑरगॅनिक प्लेट पुरते. जास्त दाबाची प्रेशरप्लेट बसवली की पायडल जड होते, केबल लवकर जाते आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर भार वाढतो. दिवसातून शंभर वेळा क्लच दाबणाऱ्या माणसाचा गुडघा या पैशाची पावती देतो.

सिरॅमिक तुकड्यांच्या प्लेटची कथा वेगळी. ती उष्णता जास्त सोसते आणि पकड कडक देते. पण सावकाश घसरत पकडणे हा तिचा स्वभाव नाही. बाजारात बोटभर पुढे सरकायचे तर गाडी हिसके देते आणि फ्लायव्हीलचा चेहराही लवकर खराब होतो. प्लेटच्या मधल्या भागात धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगा नसतील, तर सगळा दणका गिअरबॉक्सवर जातो. निव्वळ शर्यतीच्या गाडीला हे चालते, दुकानाच्या गाडीला परवडत नाही. इंजिनाची ताकद खरोखर वाढवलेली असेल, तर ऑरगॅनिक प्लेट तीच ठेवून प्रेशरप्लेटचा दाब बेताने वाढवणे हा मधला मार्ग आहे. मधल्या स्प्रिंगा मात्र सोडू नयेत.

फ्लायव्हील हलके की जड?

हलके फ्लायव्हील बसवले की इंजिन झटकन चढते आणि झटकन उतरते. शर्यतवाल्याला हेच हवे असते. पण त्याचा फायदा कुठे किती, हे आकड्यांत पाहावे. फ्लायव्हीलच्या मध्यापासून १२ सेंटिमीटर अंतरावरचे १ किलो वजन काढले, गाडीच्या चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे आणि पहिल्या गिअरमध्ये एकूण प्रमाण १४ आहे असे धरू. मग वेग घेताना गाडीतून सुमारे ३१ किलो वजन उतरवल्याइतका फरक पडतो. टॉप गिअरमध्ये तेच प्रमाण ४ असेल, तर फरक अडीच किलोइतकाच राहतो. म्हणजे सारा फायदा सुरुवातीच्या गिअरमध्ये आहे, हायवेवर नाही.

उलट तोटा मालवाहतुकीच्या वेळी दिसतो. जड चाकात फिरण्याची शक्ती साठलेली असते. चढावर भरलेली गाडी उचलताना तीच कामाला येते. ते चाक हलके केले की इंजिन बंद पडू नये म्हणून जास्त रेस द्यावी लागते, क्लच जास्त वेळ घसरतो आणि प्लेट जळते. तोरणमाळच्या चढावर भरल्या गाडीने हे पाहायला मिळेल. तेव्हा दोन्ही कामे करणाऱ्या गाडीला कंपनीचे फ्लायव्हील ठेवणे, फार तर थोडेच हलके घेणे शहाणपणाचे.

खरादवाल्याची जिम्मेदारी

इथे एक गोष्ट जीवावरची आहे. काही जण जुने बिडाचे फ्लायव्हील खरादावर देऊन कडेने कापून हलके करतात. फिरण्याचा वेग दुप्पट झाला की धातूवरचा ताण चौपट होतो. ३,००० फेऱ्यांना जे टिकले ते ६,००० ला फुटू शकते, आणि त्याचे तुकडे घंटी फोडून चालवणाऱ्याच्या पायापर्यंत येतात. हलके हवेच असेल तर बनवणाऱ्याने फेऱ्यांची मर्यादा दिलेले पोलादी फ्लायव्हील घ्यावे, आणि प्रेशरप्लेटसह बॅलन्स करून घ्यावे.

टर्निंग करावे ते घासणाऱ्या चेहऱ्याचे. प्रेशरप्लेट बसते ती पायरी असेल तर तिथूनही तेवढेच काढावे, नाहीतर दाब बदलतो. निळे डाग खोल गेले असतील किंवा चीर दिसली तर ते चाक भंगारात टाकावे. काही नव्या गाड्यांचे दुहेरी फ्लायव्हील असते, ते खरादावर चढवूच नये.

गिअरबॉक्स उतरलाच आहे तर रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सील बदलून घ्यावे. मजुरी तीच लागते. तेलाचा थेंब नव्या प्लेटवर पडला तर सगळा खर्च पाण्यात. घंटीतली धूळ हवेच्या पाइपाने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसात बसते. ओल्या फडक्याने पुसावे आणि शागिर्द पोरांनाही तेच शिकवावे. नवी प्लेट बसल्यावर पहिले ५०० ते ८०० किलोमीटर गाडी बेताने चालवावी, त्याआधी शर्यतीचे नाव घेऊ नये.

दुकानदार, मिस्त्री आणि गिऱ्हाईक

जुन्या प्लेटला नवे लायनिंग ठोकून विकण्यात गैर काही नाही, मात्र तसे सांगून आणि त्या भावाने विकावे. मालातला ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही, हे कपड्याला लागू तसे क्लचप्लेटलाही. कपड्याचा ऐब फार तर धुण्यात उघडा पडतो, क्लचचा घाटात. गिऱ्हाइकानेही दहा ठिकाणी भाव पाडून मिस्त्रीला खोटे करायला भाग पाडू नये. जुना माल समोर मागून घ्यावा, नव्याचे पक्के बिल घ्यावे.

शेवटी शर्यतीबद्दल. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. विम्याच्या पॉलिसीतही शर्यत सहसा वगळलेली असते. घाटात समोरून येणारी एस.टी. कोणाच्या शौकासाठी थांबत नाही. शौक करायचा तर रीतसर भरवलेल्या स्पर्धेत, हेल्मेट आणि पट्ट्यासह करावा. ज्या गाडीवर घरची रोजी चालते, तिचा क्लच आधी रोजीच्या हिशेबाने घ्यावा आणि मग शौकाच्या.