स्वहस्ते रंगविलेले पंख

जबलपूर शहराला रंगाचा वास नवा नाही. 1904 साली येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि 1969 साली सैन्यासाठी वाहने बनविणारा कारखाना आला. शक्तिमान ट्रक आणि जोंगा याच कारखान्यातून हिरवा रंग लेवून बाहेर पडल्या. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहराशी नाते असलेल्या मराठी समाजालाही प्रायमर, थिनर, स्प्रे गन हे शब्द परके नाहीत. ट्रकवर रंगाचे दोन हात जास्त बसले तर फारसे बिघडत नाही. चार-पाच किलो वजन वाढले, तरी त्याची दखल कोणी घेत नाही. विमानाची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. आणि ते विमान एखाद्या हौशी माणसाने स्वतःच बांधलेले असेल, तर रंगाचा डबा उघडण्यापूर्वी त्याला बरेच शिकून घ्यावे लागते.

स्वतः विमान बांधण्याची कल्पना मराठी वाचकाला आता अपरिचित राहिलेली नाही. मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागातील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. पुढे नोंदणीसाठी प्रतीक्षा, 2017 च्या नोव्हेंबरात मिळालेले नोंदणीचिन्ह, 2019 साली उड्डाणाचा परवाना आणि 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवरील चाचणी-उड्डाण, असा तो प्रवास झाला. गच्चीवरची जिद्द सर्वांच्या लक्षात राहिली. पण पत्रा कापणे, रिव्हेट ठोकणे आणि इंजिन बसविणे संपल्यावर अशा प्रत्येक विमानाच्या वाट्याला एक कमी बोलले जाणारे काम येते, ते म्हणजे रंगकाम.

या कामाची उपेक्षा नियमांतही दिसते. अमेरिकेत हौशी विमानबांधणीची चळवळ मोठी आहे. तेथे विमानाचा निम्म्याहून अधिक भाग बांधणाऱ्याने स्वतः घडविलेला असावा लागतो, परंतु या हिशेबात रंगकाम धरले जात नाही. ते पैसे देऊन कोणाकडूनही करून घेतले तरी चालते. तरीही कित्येक जण ते स्वतःच करतात. काहींना खर्च वाचवावयाचा असतो. काहींना मात्र पाच-सात वर्षे जपलेली वस्तू अखेरच्या टप्प्यावर परक्याच्या हाती देववत नाही, आणि हे कारण समजण्यासारखे आहे.

काम सुरू होते ते रंगाने नव्हे, धुण्याने. विमानाचा अॅल्युमिनियमचा पत्रा मिश्रधातूचा असतो. बळकटीसाठी त्यात तांबे मिसळलेले असते आणि तांब्यामुळेच तो लवकर गंजतो. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध अॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर दिलेला असतो. घासताना हा थर निघून गेला की पत्र्याचे संरक्षणही गेले. लोखंडी तारेचा ब्रश किंवा पोलादी काथ्या वापरण्याची तर मनाईच आहे, कारण लोखंडाचे सूक्ष्म कण पत्र्यात रुततात आणि तेथूनच गंज धरू लागतो. पत्रा स्वच्छ झाला की नाही, हे ओळखण्याची जुनी युक्ती साधी आहे. त्यावर पाणी ओतावे. पाण्याचा अखंड पापुद्रा राहिला तर पत्रा स्वच्छ. थेंब फुटून वेगळे झाले तर कोठेतरी तेलकटपणा उरला आहे. बोटाचा एक ठसासुद्धा पुरेसा होतो. त्यानंतर आम्लाने पृष्ठभाग किंचित खरखरीत करणे, गंजरोधक रासायनिक लेप देणे आणि मग इपॉक्सी प्रायमरचे अस्तर, असा क्रम असतो. दिवसच्या दिवस या कामात जातात आणि पाहुण्याला दाखवावे असे काहीही दिसत नाही.

हँगर म्हणजे रंगशाळा नव्हे. वर पत्र्याचे छत, एका बाजूला उघडणारे प्रचंड दार आणि तुळयांवर कबुतरे, अशीच बहुतेक हँगरांची अवस्था असते. त्यामुळे आत प्लॅस्टिकच्या कापडाची खोली उभारावी लागते, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडावे लागते आणि दिव्याकडे झेपावणाऱ्या किड्यांसाठी जाळ्या लावाव्या लागतात. याउपरही एखादा चिलटासारखा जीव ओल्या रंगात कायमचा मुक्कामाला येतोच! ऋतूही निवडावा लागतो. जबलपूरच्या पावसाळ्यात हवा दमट असते, आणि दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. मे महिन्याच्या उष्म्यात फवारा पत्र्यावर पोहोचेपर्यंत निम्मा सुकलेला असतो आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा उमटतो. थंडीत पहाटे पत्र्यावर दव धरते. पत्र्याचे तापमान दवबिंदूहून निदान तीन अंश सेल्सिअस अधिक असावे, हा रंगकामातला सर्वमान्य दंडक आहे. दिवाळीनंतरचे काही आठवडे आणि फेब्रुवारी-मार्चमधील दुपारच्या आधीचे तास, एवढीच खरी सोयीची वेळ उरते.

विमानासाठी बहुधा दोन भाग मिसळून तयार होणारा पॉलियुरेथेन रंग वापरतात. त्याची चकाकी वर्षानुवर्षे टिकते. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांची वाफ श्वसनमार्गाला एकदा बाधली की दमा जडू शकतो, आणि मग तो रंग पुन्हा कधीही हाताळता येत नाही. वास आला नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत येथे घातक ठरते, कारण वास जाणवतो तेव्हा सुरक्षित मर्यादा ओलांडलेली असते. बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा म्हणूनच आवश्यक आहे. तोंडाला रुमाल बांधून विमान रंगविण्याचा विचारही करू नये.

चुकीची खरी किंमत मात्र पुढे, आकाशात मोजावी लागते. दोन आसनी लहान विमानावर रंगाचे वजन सहज दहा किलोच्या आसपास जाते. शेपूट गुरुत्वमध्यापासून लांब असल्यामुळे तेथील थोड्याशा रंगानेही विमानाचा तोल मागे सरकतो. त्याहून नाजूक बाब एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर यांची. हे हलते भाग बिजागरीवर टांगलेले असतात आणि त्यांचा तोल साधण्यासाठी बिजागरीच्या पुढे शिशाचे वजन बसविलेले असते. मागच्या कडेवर रंगाचा जाड थर चढला की तो तोल बिघडतो, आणि एका विशिष्ट वेगाला तो भाग वाऱ्यात थडथडू लागतो. वैमानिक याला ‘फ्लटर’ म्हणतात. काही क्षणांत पंखाचा भाग तुटून जाईल, इतकी ताकद त्यात असते. त्यामुळे हे भाग सोडवून वेगळे रंगवावे लागतात आणि रंग वाळल्यावर त्यांचा तोल पुन्हा तपासावा लागतो.

प्रत्येक विमान पत्र्याचे असते असेही नाही. कोल्हापूरकडच्या हसूर गावचे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडलेले आणि 1958 साली प्रथम उडालेले ‘पुष्पक’ कापडाने मढविलेले होते. कापडी विमानावर ‘डोप’ नावाचा लेप चढवितात. त्याने कापड ताणले जाते, आणि अॅल्युमिनियमची भुकटी मिसळलेला चंदेरी थर सूर्यकिरणांपासून त्याचे रक्षण करतो. काचतंतूंच्या विमानांची तऱ्हा आणखी निराळी. ती बहुधा पांढरीच दिसतात, आणि त्यामागे हौस नसून ऊन असते. गडद रंग उन्हात इतका तापतो की आतील राळ मऊ पडू शकते. जबलपूरच्या उन्हाळ्यात असे विमान गडद निळे रंगविण्याचा मोह टाळलेलाच बरा.

रंगापूर्वी खिडक्या, नळ्या, छिद्रे मास्किंग टेपने झाकावी लागतात. यांतील काही छिद्रे मुगाच्या दाण्याएवढी असतात. बाहेरील हवेचा दाब त्यांतून यंत्रांपर्यंत पोहोचतो आणि त्यावरून उंची व वेग कळतो. 2 ऑक्टोबर 1996 रोजी एरोपेरू कंपनीचे बोइंग 757 विमान लिमाहून निघाले, तेव्हा धुलाईच्या वेळी अशा छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंचीचा व वेगाचा भरवसा उरला नाही. विमान प्रशांत महासागरात कोसळले आणि 70 जणांचा अंत झाला. हे काम अनुभवी माणसांच्या मोठ्या तळावर झाले होते. हँगरमध्ये एकट्याने राबणारा माणूस लावलेल्या प्रत्येक पट्टीची नोंद वहीत करतो आणि काढताना त्यावर खूण करतो, ती याचसाठी.

शेवटी नोंदणीचिन्ह रंगवावयाचे. भारतीय विमानाच्या चिन्हाचा आरंभ ‘व्हीटी’ या अक्षरांनी होतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पंखाखालील अक्षरे निदान 50 सेंटिमीटर आणि धडावरील निदान 30 सेंटिमीटर उंचीची असावी लागतात. त्यांच्या कडा सरळ आल्या की टेप सोलून काढतात. मग विमान तीन चाकांखाली तीन काटे ठेवून पुन्हा तोलले जाते. नवे वजन आणि गुरुत्वमध्याची नवी जागा कागदावर उतरते. रंगापूर्वीचा आकडा त्याच पानावर, वरच्या ओळीत असतो.