गिटारीच्या जुन्या ध्वनिवर्धकाची दुरुस्ती

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तालमीच्या वेळीं घडलेला एक लहानसा प्रसंग प्रथम सांगतों, म्हणजे या लेखाचें प्रयोजन ध्यानांत येईल. आपल्या वाद्यवृंदांत गिटार वाजविणारा एक विद्यार्थी गाण्यासाठीं मायक्रोफोनजवळ गेला, आणि त्याचा ओठ मायक्रोफोनला लागतांच त्याला विजेचा झटका बसला. झटका सौम्य होता व मुलास कांहीं इजा झाली नाहीं. परंतु कारण शोधूं लागलों, तेव्हां असें आढळलें कीं, गिटारीच्या जुन्या ध्वनिवर्धकाच्या प्लगमधील अर्थिंगची तार कोणीं तरी पूर्वींच कापून टाकली होती. तें यंत्र बरेच दिवस ‘घूं’ असा एकसारखा आवाज करीत असे. तो थांबावा म्हणून हा उपाय योजिला असावा. आवाज तर थांबला नाहींच. वादकाचें संरक्षण मात्र गेलें.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. सन १९७२ च्या मे महिन्यांत वेल्समधील स्वॉन्सी येथें लेस्ली हार्वी नांवाचा स्कॉटिश गिटारवादक रंगमंचावरच विजेच्या धक्क्यानें मरण पावला. गिटारीच्या तारा हातांत असतां त्याचा स्पर्श अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला झाला होता. विजेच्या गिटारीच्या पोलादी तारा ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशीं जोडलेल्या असतात. सांगाड्यांत वीज उतरली कीं ती वादकाच्या बोटांपर्यंत येते; आणि त्याच वेळीं त्याचा स्पर्श जमिनीशीं जोडलेल्या दुसऱ्या धातूला झाला, तर त्याचें शरीर हाच विजेचा मार्ग होतो. अर्थिंगची तार अशी वीज परस्पर जमिनीकडे नेते व मोठा दोष असल्यास फ्यूज उडवून प्रवाह बंद पाडते. म्हणून आम्हीं पहिलें काम केलें तें हें कीं, तीन तारांची नवी केबल बसवून अर्थिंगची तार सांगाड्यास घट्ट जोडली.

आतां यंत्राची रचना थोडक्यांत पाहूं. जुन्या काळीं ध्वनिवर्धकांत कांचेचे व्हॉल्व्ह असत. सन १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि पुढें व्हॉल्व्हचें काम हा लहानसा पदार्थ करूं लागला. आपलें यंत्र या दुसऱ्या प्रकारचें आहे. त्याचे तीन भाग आहेत. गिटारींतून येणारा विजेचा संदेश फार क्षीण, बहुधा एका व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. पहिला भाग तो वाढवितो व त्याचा सूर हवा तसा कमीजास्त करतो. दुसरा भाग त्यास स्पीकर हालविण्याचें सामर्थ्य देतो. तिसरा भाग या दोहोंना वीज पुरवितो.

हा तिसरा भागच जुन्या यंत्रांत पुष्कळदां दगा देतो. घरांत येणारी २३० व्होल्टची वीज दर सेकंदास ५० वेळां मागेंपुढें होते. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवितो, डायोड तिला एकाच दिशेनें जावयास लावितात, व मोठे कंडेन्सर तिचे चढउतार बुजवितात. हौदांत पाणी हप्त्याहप्त्यानें पडलें तरी नळास धार एकसारखी येते, तसेंच हें आहे. परंतु या कंडेन्सरांच्या पोटांत ओला द्रव असतो. वर्षानुवर्षें उष्णता लागून तो आटतो, हौद जणूं उथळ होतो, आणि चढउतार स्पीकरांतून ऐकूं येऊं लागतात.

येथें कान फार उपयोगी पडतो. डायोडांमुळें विजेच्या दोन्ही लाटा एकाच दिशेस येतात. म्हणून कंडेन्सर आटल्यानें होणारा आवाज सेकंदास १०० कंपनांचा असतो. अर्थिंगच्या घोटाळ्याचा किंवा खराब केबलीचा आवाज बहुधा ५० कंपनांचा, म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा असतो. दुसरी परीक्षा अशी: व्हॉल्यूम शून्यावर आणूनही आवाज तसाच राहिला, तर दोष वीजपुरवठ्यांत किंवा शेवटच्या भागांत असण्याचा संभव अधिक. आपल्या यंत्राचा आवाज वरच्या सप्तकांतला होता व व्हॉल्यूम उतरविल्यानें तो कमी होईना. तो अर्थिंग कापून थांबणें शक्यच नव्हतें.

रेडिओदुरुस्तीचें काम जाणणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानें हें काम माझ्यासमक्ष केलें. प्लग काढला म्हणजे धोका टळला असें नाहीं; कंडेन्सरांत वीज सांठून राहते. त्यानें २२० ओहमचा, पांच वॉटचा रेझिस्टर प्रत्येक मोठ्या कंडेन्सरास कांहीं वेळ लावून ती रिती केली, आणि मल्टीमीटरनें खात्री करून घेतल्यावांचून आंत बोट घातलें नाहीं. जुने कंडेन्सर ४७०० मायक्रोफॅरड व ५० व्होल्टचे होते. त्यांच्या जागीं तितक्याच मायक्रोफॅरडचे, परंतु ६३ व्होल्टचे व १०५ अंश उष्णता सोसणारे नवे बसविले. धन व ऋण टोकें उलट झाल्यास कंडेन्सर फुटतो, हें त्यानें मला दोनदां दाखविलें.

त्यानंतर यंत्र एकदम विजेस न जोडतां मध्यें १०० वॉटचा तंतूचा जुना दिवा ओळीनें जोडला. एलईडीचा दिवा येथें चालत नाहीं. दिवा क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे आंत मोठा दोष नाहीं. तो लख्ख पेटून राहता, तर शॉर्ट आहे असें समजावयाचें होतें. शेवटीं स्पीकर सोडवून त्याच्या टोकांवरील एकदिश दाब मोजला. तो २० मिलीव्होल्टच भरला. तेथें कित्येक व्होल्ट आढळले असते, तर शेवटचा ट्रान्झिस्टर जळाला असें मानून स्पीकर जोडलाच नसता, कारण त्याचें वेटोळें जळून गेलें असतें.

आणखी दोन दोष किरकोळ होते. बटणें फिरवितांना होणारी खरखर साफ करण्याच्या द्रवानें गेली; आणि गिटारीची केबल हालतांच आवाज तुटे, तें खोबणीच्या मागचा सोल्डरचा सांधा तडकल्यामुळें. तो पुन्हां डाग देतांच बरा झाला.

“आतां यंत्राची शक्ति वाढवूं या,” असें मुलें म्हणूं लागलीं. त्यांस मीं एक हिशेब सांगितला. वॉट दुप्पट केले तरी आवाज अवघा ३ डेसिबल वाढतो. ९७ डेसिबलच्या स्पीकरऐवजीं १०० डेसिबलचा बसविला, तर तेवढाच लाभ ट्रान्झिस्टरांस हात न लावतां होतो. मात्र नव्या स्पीकरचे ओहम यंत्रावर लिहिलेल्या आंकड्याहून कमी असूं नयेत. आठाच्या जागीं चार ओहमचा लावल्यास ट्रान्झिस्टरांवर दुप्पट प्रवाहाचा भार पडतो. आम्हीं आठ ओहमचाच नवा स्पीकर घेतला, आणि यंत्र आतां सभागृहाच्या शेवटच्या बांकापर्यंत स्वच्छ ऐकूं येतें.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलांच्या वाद्यांच्या यंत्रांचे प्लग एकदां स्वतः पाहावे. तिसरी पिन तुटलेली असल्यास यंत्र आधीं बंद ठेवावें. फ्यूज उडाला तर त्याच आंकड्याचा नवा घालावा, जाड तार कदापि घालूं नये. आणि विद्यार्थ्यांनीं यंत्र उघडण्याची हौस जाणत्या मनुष्याजवळ बसूनच भागवावी. त्या तालमींतला मुलगा यंदाहि गाणार आहे; या खेपेस त्याच्या यंत्राचा प्लग मीं स्वतः तपासला आहे.