चौथ्या मितीतला चोवीस कोपऱ्यांचा ठोकळा

आज चित्र नाही, व्हिडिओ नाही. कारण जी वस्तू सांगणार आहे ती कोणीच डोळ्यांनी पाहिलेली नाही. नाव ट्वेंटी-फोर सेल. चार मितींमधला ठोकळा: 24 कोपरे, 96 कडा, 96 त्रिकोण आणि भिंतींच्या जागी 24 अष्टफलक. अष्टफलक म्हणजे दोन पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवलेले.

मग ती आहे हे मानायचं कशावरून? हिशोबावरून. इअरफोन लावूनच करू.

आधी आपला साधा घन घ्या, कड 1. मधोमध केंद्र. कोपऱ्यापर्यंत जायचं तर तीन दिशांना अर्धा-अर्धा. वर्गांची बेरीज पाऊण, वर्गमूळ साधारण 0.87. आता केंद्रातून वर-खाली, डावी-उजवीकडे, पुढे-मागे बरोबर 1 अंतरावर सहा टिंबं द्या. टिंबं 1 वर, कोपरे 0.87 वर. सगळे जोडले की बारा समभुज चौकोनांचा आकार मिळतो. गार्नेटचे स्फटिक अनेकदा असेच असतात (आपला गोमेद त्याच घराण्यातला). देखणा आहे, पण कोपरे दोन जातींचे.

चौथ्या मितीत फक्त एक अर्धा वाढतो. चार पाव मिळून 1, वर्गमूळही 1! चार मितींच्या घनाचे 16 कोपरे आणि दिशांवरची 8 टिंबं, सगळी एकाच अंतरावर. झाले 24. शिवाय प्रत्येक कोपऱ्याला अगदी 1 अंतरावर 8 शेजारी असतात. 24 गुणिले 8, प्रत्येक कड दोनदा मोजली म्हणून भागिले 2. आल्या ना 96 कडा?

पाचव्या मितीत पाच पाव होतात, अंतर 1.12, आणि गाडी पुन्हा रुळावरून उतरते. मला तरी हे सगळ्यात भारी वाटतं: ही जुळणी फक्त चारमध्येच होते.

हे शोधलं स्वित्झर्लंडच्या लुडविग श्लेफ्ली यांनी. चार मितींत असे नियमित बहिर्वक्र आकार सहाच, हे त्यांनी 1852 पर्यंत लिहून काढलं होतं. लेख फार लांब म्हणून परत आला. पूर्ण छापला गेला 1901 मध्ये. श्लेफ्ली 1895 मध्येच गेले होते.