भूक, खा-खा आणि वजन : नैराश्यावरील औषधोपचाराच्या संदर्भात एक भाषिक विवेचन

नैराश्याच्या विकारावर औषध घेणारा रुग्ण काही आठवड्यांनंतर डॉक्टरांकडे जातो आणि "आता भूक चांगली लागते" असे सांगतो, तेव्हा त्या एका वाक्यात दोन भिन्न अर्थ संभवतात. विकारामुळे अन्नावरची उडालेली वासना परत आली, हा पहिला अर्थ. पोट भरलेले असूनही औषधामुळे खाण्याची अनावर ओढ लागली आहे, हा दुसरा. पहिला अर्थ बरे होण्याचे चिन्ह आहे, तर दुसरा औषधाचा अनिष्ट परिणाम आहे. मराठीत 'तब्येत सुधारली' हे वाक्य आरोग्य आणि लठ्ठपणा या दोहोंविषयी सारख्याच सहजतेने वापरले जात असल्याने हा गोंधळ अधिकच वाढतो. प्रस्तुत लेखात या दोन अर्थांचा भेद कसा करावा आणि रुग्णास त्याचा व्यवहारात काय उपयोग होतो, याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम वैद्यकीय बाजू पाहू. इमिप्रॅमिन या औषधाचा नैराश्यावरील गुण स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच कुळातील अमिट्रिप्टिलिन दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांत वजनवाढ आणि गोड व पिष्टमय पदार्थांची ओढ आढळते, असे पेकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये नोंदविले. अमिट्रिप्टिलिन व मिर्टाझॅपिन ही औषधे हिस्टामिनची आणि सेरोटोनिनची काही ग्राहकस्थाने अडवून धरतात, आणि तृप्तीची जाणीव मंदावण्याचे ते एक प्रमुख कारण मानले जाते. सर्वच औषधांचा परिणाम मात्र सारखा नसतो. अमेरिकेतील सुमारे १ लाख ८३ हजार प्रौढांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये आठ औषधांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत सहा महिन्यांच्या अखेरीस एस्सिटॅलोप्रॅम, पॅरॉक्सेटिन व ड्युलॉक्सेटिन घेणाऱ्यांचे वजन सर्ट्रॅलिन घेणाऱ्यांपेक्षा किंचित अधिक, तर बुप्रोपियॉन घेणाऱ्यांचे किंचित कमी आढळले. हे सरासरी फरक अर्ध्या किलोहूनही लहान होते. परंतु सरासरी लहान असली तरी एखाद्या व्यक्तीचे वजन बरेच वाढू शकते. शिवाय ही वाढ संथ असते. ब्रिटनमधील सुमारे तीन लाख प्रौढांच्या नोंदींचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ही औषधे घेणाऱ्यांमध्ये वजन पाच टक्के वा अधिक वाढण्याचा संभव २१ टक्क्यांनी जास्त दिसला, आणि उपचाराच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्षांत तो विशेष होता. अशा अभ्यासातून कार्यकारणसंबंध पूर्णतः सिद्ध होत नाही. तथापि पहिल्या काही महिन्यांनंतर वजनाकडे दुर्लक्ष करू नये, एवढा बोध त्यातून निश्चित होतो.

हा परिणाम नोंदविण्याची साधनेही भाषेचीच असतात. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये सिद्ध केलेल्या नैराश्यमापनश्रेणीत भूक मंदावणे व वजन घटणे यांना स्थान आहे, वाढलेल्या भुकेला मात्र नाही. पुढे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आज सर्वत्र रूढ असलेल्या 'पीएचक्यू-९' या प्रश्नावलीत कमी भूक आणि अतिरिक्त खाणे ही दोन्ही लक्षणे 'किंवा' या अव्ययाने जोडून एकाच प्रश्नात घातलेली आहेत. परिणामी उत्तराचा आकडा जेवण न जाणाऱ्या आणि अखंड खात सुटणाऱ्या रुग्णांचा सारखाच येऊ शकतो. म्हणून आकड्याबरोबर रुग्णाचे स्वतःचे शब्दही ऐकले पाहिजेत.

त्या शब्दांच्या बाबतीत मराठी समृद्ध आहे. 'भूक' हा शब्द संस्कृत 'बुभुक्षा'पासून आला. 'बुभुक्षा' हे 'भुज्' धातूचे इच्छार्थक रूप, म्हणजे खाण्याची इच्छा. मुळात गरज आणि इच्छा यांत भेद नव्हता. तो पुढे मराठीने अन्य शब्दांच्या साहाय्याने केला. 'डोहाळे' गर्भिणीचे, 'तलफ' बहुधा चहा-तंबाखूची, 'खा-खा' आणि 'वखवख' पोटापेक्षा मनाची. भुकेची व्यवहारोपयोगी कसोटी तर एका म्हणीतच सापडते : 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा'. खरी भूक निवड करीत नाही. समोर भाकरी-उसळ असता ती नको वाटते आणि बिस्किटे वा जिलबीच हवी वाटते, तेव्हा ती बहुधा भूक नव्हे, ओढ होय. रुग्णाने स्वतःला विचारावयाचा पहिला प्रश्न हाच.

याहून महत्त्वाचा भेद वाक्यरचनेत आहे. 'मला भूक लागते', 'मला खा-खा सुटते', 'मला खावेसे वाटते' या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत येते. जे घडते ते तिच्या बाबतीत घडते, ती ते करीत नाही. उलट 'मी हावरा झालो आहे', 'मी अधाशासारखा खातो' या वाक्यांत ती प्रथमेत येते आणि दोषाची धनी होते. नैराश्यात स्वतःस दोष देण्याची प्रवृत्ती आधीच प्रबळ असते. त्यामुळे औषधाचा परिणाम प्रथमेत मांडला जातो, लज्जेपोटी तो डॉक्टरांना सांगितला जात नाही, आणि एके दिवशी रुग्ण कोणालाही न विचारता औषध बंद करतो. यातील धोका मोठा आहे. बरीच औषधे एकाएकी थांबविल्यास चक्कर, मळमळ, अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास होतात, आणि मूळ विकार उलटण्याचा संभव वाढतो. विभक्ती बदलल्याने व्याधी बरी होते, असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु जे 'मला' होते ते निःसंकोचपणे सांगावे आणि जे 'मी' करू शकतो ते ठरवून करावे, ही विभागणी उपयुक्त आहे.

'मला' या बाजूची सामग्री म्हणजे नोंद. औषध सुरू करतानाच वजन व कमरेचा घेर लिहून ठेवावा. पुढे आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, त्याच काट्यावर वजन करावे. ओढ केव्हा लागते, कशाची लागते, औषध घेतल्यानंतर किती वेळाने लागते, हे दोन ओळींत टिपावे. भारतीयांसाठी २००९ मध्ये ठरविलेल्या निकषांनुसार पुरुषांच्या कमरेचा घेर ९० व स्त्रियांच्या ८० सेंटिमीटरहून अधिक असणे चिंतेचे मानतात. वजन पाच टक्क्यांनी वाढेपर्यंत वाट न पाहता ही टिपणे डॉक्टरांना दाखवावी. मात्रा वा घेण्याची वेळ बदलणे, दुसरे औषध योजणे, थायरॉइडसारखे अन्य कारण तपासणे हे निर्णय त्यांचे आहेत. बुप्रोपियॉन वजन वाढवीत नाही म्हणून ते सर्वांस चालते असेही नाही. अपस्माराचे झटके येणाऱ्यांस आणि ज्यांना आहारविकृती जडली आहे त्यांस ते वर्ज्य आहे.

'मी' या बाजूस चार गोष्टी येतात. जेवणाच्या वेळा चुकवू नयेत, कारण रिकाम्या पोटी ओढ दुणावते. कडक उपवास या काळात हिताचा नाही. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण साबुदाणा व शेंगदाण्यांचे उष्मांक मोजणाऱ्यास आजही पटेल. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी वा मासळी आणि भरपूर भाजी असावी, म्हणजे तृप्ती टिकते. काही औषधांनी तोंड कोरडे पडते. ती तहान सरबताने वा गोड चहाने न भागविता पाण्याने भागवावी. आणि 'खावेसे वाटते' व 'खातो' यांच्यामध्ये पंधरा-वीस मिनिटांचा अवधी ठेवून तो चालण्यात घालवावा. ओढ पुष्कळदा तेवढ्यात ओसरते. न ओसरल्यास थोडे खावे, ताटलीत घेऊन, बसून खावे, आणि त्याची खंत बाळगू नये. वजन उतरविण्याची जाहिरातीतील चूर्णे मात्र डॉक्टरांच्या संमतीवाचून घेऊ नयेत.

अखेरीस एक सूचना. मराठीतून रुग्णांची विचारपूस करणाऱ्यांनी 'भूक कशी आहे?' या प्रश्नावर थांबू नये. 'जेवण जाते का?', 'जेवण झाल्यावरही खा-खा सुटते का?' आणि 'कशाची?' असे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. औषध चालू ठेवणे आणि शरीर सांभाळणे यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ बहुतेक रुग्णांवर येऊ नये, यासाठी हा भेद वेळीच उच्चारला जाणे आवश्यक आहे.